झुलत्या सिलिंडरचे वाफेचे इंजिन : घरच्या कार्यशाळेसाठी सविस्तर कृती

पहिल्यांदाच वाफेचे इंजिन बनवायला घेणाऱ्याने झुलत्या सिलिंडरचे इंजिन निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नेहमीच्या इंजिनात वाफ केव्हा आत घ्यायची आणि केव्हा बाहेर सोडायची हे ठरवण्यासाठी सरकती झडप, तिची पेटी, तिला हलवणारे विकेंद्री चाक आणि या सर्वांना जोडणारे दांडे लागतात. झुलत्या इंजिनात हे सगळे काम सिलिंडर स्वतःच करतो. तो एका पिनवर टांगलेला असतो आणि पिस्टनचा दांडा मध्ये कोणताही सांधा न ठेवता थेट क्रँकपिनला, म्हणजे क्रँकच्या चकतीत केंद्राबाहेर बसवलेल्या खुंटीला, जोडलेला असतो. त्यामुळे क्रँक फिरू लागला की सिलिंडर लंबकासारखा डावीउजवीकडे डोलतो. त्याच्या सपाट पाठीवर एक छिद्र असते. ते एका बाजूला गेले की उभ्या चौकटीवरील वाफेच्या पोर्टसमोर, म्हणजे वाफ आत येण्याच्या छिद्रासमोर, येते आणि दुसऱ्या बाजूला गेले की बाहेर सोडण्याच्या पोर्टसमोर येते.

ही रचना खेळण्यापुरती नाही. जेम्स वॉटचा सहकारी विल्यम मरडॉक याने अठराव्या शतकाच्या अखेरीसच तिचा नमुना केला होता आणि पुढे चाकांच्या आगबोटींत तिचा मोठा वापर झाला. १८५८ साली पाण्यात उतरलेल्या ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाची बाजूची चाके चार झुलत्या सिलिंडरांवर फिरत. त्या प्रत्येक सिलिंडरचा व्यास ७४ इंच आणि पिस्टनची चाल १४ फूट होती. हेच जहाज १८७० साली मुंबईला आले आणि त्याने मुंबई ते एडन अशी तारेची समुद्री केबल टाकली. आपण बनवणार आहोत त्या सिलिंडरचा व्यास १० मिमी असला, तरी वाफ आतबाहेर जाण्याचे तत्त्व तेच आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. कारखान्यात प्रत्येक भाग स्वतंत्रपणे कागदावरच्या मापाला बनतो आणि तरीही एकमेकांत बसतो, कारण तिथे तशी यंत्रे आणि मोजमापाची साधने असतात. घरी तसे करू गेल्यास दहा ठिकाणच्या लहान लहान चुका एकत्र येतात आणि इंजिन चालत नाही. माझे पहिले इंजिन याच कारणाने चालले नव्हते. चौकटीवरील पोर्ट मी व्हर्निअरने मोजून पाडले होते आणि क्रँकपिनचे भोक पाव मिमी सरकले असल्याचे मला नंतर कळले. म्हणून खालच्या कृतीत जिथे शक्य आहे तिथे एका तयार भागावरूनच दुसऱ्या भागाचे माप घेतलेले आहे.

मापे आणि त्यांमागचा हिशेब

हे इंजिन एकाच बाजूने वाफ घेणारे आहे. सिलिंडरचा व्यास १० मिमी आणि पिस्टनची चाल १६ मिमी आहे, म्हणजे क्रँकपिन शाफ्टच्या केंद्रापासून ८ मिमी अंतरावर येते. सिलिंडर ज्या पिनवर झुलतो ती शाफ्टच्या केंद्राच्या बरोबर ४० मिमी वर आहे आणि सिलिंडरमधील पोर्ट त्या पिनच्या १५ मिमी वर आहे. ८ ला ४० ने भागले की ०.२ येतात. १५ मिमीला ०.२ ने गुणले की सिलिंडरचे पोर्ट मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला ३ मिमी सरकते हे समजते. म्हणून चौकटीवरील दोन पोर्टांची केंद्रे एकमेकांपासून ६ मिमी अंतरावर येतात.

सर्व पोर्टांचा व्यास २.५ मिमी ठेवावा. पोर्टचा व्यास चौकटीवरील दोन पोर्टांच्या केंद्रांतराच्या निम्म्यापेक्षा कमी असलाच पाहिजे, हा या इंजिनाचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. पोर्ट साडेतीन मिमीचे केले तर चालीच्या टोकाला सिलिंडरचे छिद्र एकाच वेळी दोन्ही पोर्टांना उघडे राहील आणि वाफ काहीही काम न करता सरळ बाहेर जाईल. २.५ मिमी ठेवल्याने त्या क्षणी प्रत्येक बाजूला अर्धा मिमी धातूचे झाकण उरते.

या मापांचे इंजिन १ बार (साधारण हवेच्या दाबाइतक्या) दाबावर मिनिटाला ६०० फेरे फिरले, तर हिशेबाने जेमतेम सव्वा वॅट शक्ती मिळते आणि घर्षण वजा जाता ती आणखी कमी होते. एवढ्यात लहानसा पंखा किंवा खेळण्यातली डायनॅमो फिरते, त्याहून मोठी अपेक्षा ठेवू नये.

साहित्य आणि हत्यारे

सिलिंडरसाठी २० मिमी चौरस पितळी सळई घ्यावी. १६ मिमी सळई दिसायला अधिक नाजूक वाटते, पण तीत १० मिमीचे भोक पाडल्यावर भिंत फक्त ३ मिमी उरते आणि झुलण्याच्या पिनसाठी आटे धरायला जागा राहत नाही. २० मिमीच्या सळईत ती भिंत ५ मिमी राहते. उभी चौकट ४० मिमी रुंद, ८ मिमी जाड आणि १०० मिमी उंच पट्टीची करावी. ती गनमेटलची (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूची) मिळाली तर फारच उत्तम, कारण वेगळ्या धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर घासताना कमी झिजतात. पितळ चालेल, मात्र मग तेलाची हयगय करू नये. साध्या लोखंडाची पट्टी टाळावी. दोन दिवस ओलसर राहिली की पोर्टांभोवती गंज धरतो आणि घासून केलेला सपाटपणा वाया जातो.

पिस्टन स्टेनलेस स्टीलचा किंवा गनमेटलचा करावा. ॲल्युमिनियम कापायला सोपे असले तरी ते पितळापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे थंड असताना अचूक बसलेला पिस्टन वाफेवर आवळला जाण्याचा धोका असतो. शाफ्टसाठी ६ मिमी आणि क्रँकपिनसाठी ४ मिमी सिल्व्हर स्टील (अचूक व्यासाची घासलेली पोलादी सळई) लागेल. फ्लायव्हील, म्हणजे फिरणे एकसारखे ठेवणारे जड चाक, ६० मिमी व्यासाचे व १२ मिमी जाडीचे लोखंडी असावे. ते साधारण पाव किलो भरते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या परिसरात आणि पुण्यात बोहरी आळीत हत्यारे आणि किरकोळ साहित्य मिळते.

लहान लेथ असेल तर सर्व काम घरीच होईल. नसेल तर फ्लायव्हील, क्रँकची चकती, पिस्टन आणि सिलिंडरचे मुख्य भोक एवढी चार कामे जवळच्या लेथवाल्याकडून करून घ्यावीत आणि उरलेले काम चांगल्या उभ्या ड्रिलिंग मशीनवर, कानस, गुण्या आणि व्हर्निअर यांच्या साहाय्याने करावे. रीमर (भोक अचूक मापाला आणून गुळगुळीत करणारे हत्यार) मात्र स्वतःचे घ्यावेत : १०, ६ आणि ४ मिमी. टॅप (भोकात आटे पाडणारे हत्यार) ३, ४ आणि ५ मिमीचे लागतील व त्यांच्यासाठी अनुक्रमे २.५, ३.३ आणि ४.२ मिमीची ड्रिले वापरावीत.

पितळात भोक पाडताना नवे ड्रिल खसकन आत खेचले जाते आणि तुकडा हातातून भिरकावला जाऊ शकतो. हे टाळण्यासाठी ड्रिलच्या दोन्ही धारांवर बारीक दगड उभा धरून दोनतीनदा फिरवावा, म्हणजे धारेचा पुढे झुकलेला कोन मरतो आणि ड्रिल खोदण्याऐवजी खरवडत जाते. अशी ड्रिले पितळासाठी वेगळी ठेवावीत. तुकडा नेहमी शिकंज्यात घट्ट धरावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

सिलिंडर

सळईचा ३७ मिमी तुकडा कापून चार जबड्यांच्या चकमध्ये धरावा, मध्यभागी आणावा आणि दोन्ही टोके काटकोनात साफ करून लांबी ३६ मिमीवर आणावी. त्याच पकडीत प्रथम ६, मग ९ आणि मग ९.८ मिमी ड्रिलने आरपार भोक पाडावे. रीमर आत्ताच चालवू नये. पुढे पिन आणि पोर्ट यांची भोके पाडताना आतल्या भिंतीवर खरड उठते. रीमर सर्वांत शेवटी फिरवला की ती निघून जाते आणि भोक खऱ्या अर्थाने गुळगुळीत होते.

आता चारपैकी सर्वांत चांगली बाजू पोर्टफेससाठी, म्हणजे चौकटीवर टेकून झुलणाऱ्या सपाट पाठीसाठी, निवडावी. जाड काचेच्या तुकड्यावर ६०० नंबरचा वॉटरपेपर ओला करून पसरावा आणि तुकडा इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवावा. दर वीस फेऱ्यांनी तो नव्वद अंशांत वळवून धरावा, नाहीतर हाताच्या सवयीने एक कड जास्त झिजते. सबंध पृष्ठभागावर एकसारखी मंद चमक आली की १००० नंबरवर जावे. झडपा घासण्याची लेप-पावडर येथे वापरू नये, कारण तिचे कण मऊ पितळात रुतून बसतात आणि पुढे कायम घासत राहतात.

या बाजूवर मध्यरेषा आखून दोन्ही टोकांपासून १८ मिमीवर, म्हणजे बरोबर मध्यावर, झुलण्याच्या पिनची जागा पंच करावी आणि तिच्या १५ मिमी वर पोर्टची जागा पंच करावी. पिनचे भोक ३.३ मिमी ड्रिलने, पूर्ण व्यासाची खोली ३.५ मिमी येईल इतकेच पाडावे. ड्रिलचे टोक त्याहून सुमारे १ मिमी पुढे जाते आणि एकूण भिंत ५ मिमी आहे, हे ध्यानात ठेवून ड्रिलिंग मशीनचा अटकाव आधीच लावून घ्यावा. ४ मिमी टॅपच्या संचातील शेवटच्या टॅपने तळापर्यंत आटे पाडावेत.

पोर्टचे भोक मात्र मुद्दाम वेगळ्या रीतीने पाडायचे आहे. २.५ मिमी ड्रिल पोर्टफेसमधून शिरून, मुख्य भोक ओलांडून, समोरच्या भिंतीतूनही आरपार बाहेर काढावे. हे बाहेरचे भोक पुढे चौकटीवर पोर्ट पाडताना ड्रिलला वाट दाखवते. ते काम झाल्यावर त्यात ३ मिमीचे आटे पाडून पितळी स्क्रू बसवता येतो, कारण २.५ मिमी हेच त्या टॅपचे ड्रिल आहे. तो स्क्रू पुढे साचलेले पाणी काढायला आणि तेल घालायलाही उपयोगी पडतो.

यानंतर १० मिमी रीमर अगदी सावकाश, एकाच दिशेने फिरवत आरपार न्यावा आणि फिरवत असतानाच बाहेर काढावा. उलटा फिरवल्यास धारा खराब होतात आणि भिंतीवर चरे पडतात. पोर्टफेसवर पिनच्या वर आणि खाली १० मिमीपर्यंतचा भाग कानशीने ०.३ मिमी खोल करावा, म्हणजे सिलिंडर चौकटीवर दोन टोकांशीच टेकतो आणि डगमगत नाही. शेवटी काचेवर पुन्हा दहावीस फेरे द्यावेत.

वरचे झाकण २० मिमी चौरस आणि ४ मिमी जाड करावे. त्याच्या आतल्या बाजूस १० मिमी व्यासाचा १ मिमी उंचीचा उंचवटा लेथवर काढावा व कोपऱ्यांत, केंद्रापासून दोन्ही दिशांना ७ मिमीवर, ३ मिमीचे चार स्क्रू बसवावेत. पोर्टफेसच्या बाजूची झाकणाची कड किंचित आत घ्यावी. ती केसभर जरी बाहेर राहिली तरी सिलिंडर चौकटीवर नीट टेकणार नाही.

पिस्टन, दांडा आणि क्रँक

पिस्टन १४ मिमी लांब असावा आणि सिलिंडरमध्ये स्वतःच्या वजनाने अलगद घसरेल, पण बाजूला हलवल्यास खडखडणार नाही, असा बसावा. दोन्ही व्यासांत सुमारे ०.०२ मिमी फरक असल्यास असे होते. त्यावर अर्धा मिमी खोलीच्या दोन खाचा पाडाव्यात. त्यांत तेल साठते आणि तेच वाफ अडवते. कसोटी सोपी आहे : तेल लावलेला पिस्टन आत घालावा, वरचे टोक आणि दोन्ही छिद्रे बोटांनी घट्ट बंद करावीत आणि पिस्टन बाहेर ओढावा. सोडल्यावर तो आत खेचला गेला तर बसणी चांगली आहे.

दांडा ४ मिमी स्टेनलेसचा असून त्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचे आटे पाडावेत. एक टोक पिस्टनमध्ये पक्के बसते आणि दुसरे ६ मिमी जाडीच्या पितळी बिग एंडमध्ये, म्हणजे क्रँकपिनवर बसणाऱ्या तुकड्यात. पिस्टनच्या माथ्यापासून बिग एंडच्या ४ मिमी भोकाच्या केंद्रापर्यंतचे अंतर ४५.५ मिमी हवे. आट्यांची पिच अर्धा मिमी असल्याने बिग एंड अर्धा फेरा फिरवला की लांबी पाव मिमीने बदलते. शेवटची जुळणी अशीच करावी.

क्रँकची चकती २६ मिमी व्यासाची व ६ मिमी जाड असावी. तिचे शाफ्टचे भोक आणि बाहेरचा चेहरा लेथवर एकाच पकडीत करावेत, नाहीतर चकती हेलकावे खाते. क्रँकपिनचे भोक ड्रिलिंग मशीनवर, चकती सपाट टेकवून पाडावे. ते केंद्रापासून ७.९ किंवा ८.१ मिमीवर गेले तरी काळजी नाही, पण शाफ्टला समांतर नसेल तर इंजिन प्रत्येक फेऱ्याला एका जागी अडखळेल. शाफ्ट आणि पिन रिटेनिंग कंपाऊंडने (धातूचे भाग पक्के धरणाऱ्या चिकटद्रव्याने) बसवून पूर्ण एक दिवस हात लावू नये.

चौकट आणि पोर्ट

चौकटीचा समोरचा चेहरा सिलिंडरप्रमाणेच काचेवर सपाट करावा. मध्यरेषेवर तळापासून ३६ मिमीवर शाफ्टच्या बुशसाठी (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीसाठी) १० मिमी भोक आणि ७६ मिमीवर पिनसाठी ४ मिमी भोक, दोन्ही एकाच बैठकीत पाडून रीमरने पुरी करावीत. गनमेटलचा २० मिमी लांब बुश समोर अर्धा मिमी पुढे राहील असा दाबून बसवावा आणि आतून ६ मिमी रीमर फिरवावा. आता दोन्ही भोकांत लांब सळया घालून त्यांच्यामधील अंतर पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला व्हर्निअरने मोजावे. दोन्ही मापे सारखी आली तर भोके समांतर आहेत. फरक एक दशांश मिमीपेक्षा जास्त असेल तर तिथेच थांबून भोक दुरुस्त करावे. पुढे कितीही घासले तरी ही चूक भरून निघत नाही.

चौकटीत अजून एकही पोर्ट नाही, आणि हीच योग्य वेळ आहे. वरचे झाकण न लावता संपूर्ण इंजिन जुळवावे. पिन सिलिंडरमध्ये घट्ट बसवून चौकटीतून मागे काढावी आणि स्प्रिंग व नट लावावेत. क्रँक हाताने फिरवून पिस्टन सर्वांत वर आणावा : त्याचा माथा सिलिंडरच्या वरच्या कडेपासून ४.५ मिमी खाली, म्हणजे पोर्टच्या खालच्या कडेच्या किंचित खाली, दिसला पाहिजे. तो पोर्ट झाकत असेल तर बिग एंड अर्धा फेरा आत घ्यावा.

मग क्रँक अशा जागी न्यावा की सिलिंडर एका बाजूला जास्तीत जास्त कललेला असेल. ही जागा अगदी अंशाअंशाने शोधावी लागत नाही, कारण कमाल झुकावाजवळ क्रँक चारपाच अंश पुढेमागे झाला तरी सिलिंडर जवळजवळ हलत नाही. फ्लायव्हील शिकंज्याने अडवावे, इंजिन ड्रिलिंग मशीनखाली सपाट धरावे आणि बाहेरच्या भोकातून २.५ मिमी ड्रिल घालून चौकटीत ५ मिमी खोल भोक पाडावे. दुसऱ्या बाजूच्या कमाल झुकावावर हीच क्रिया करावी. आता क्रँकची त्रिज्या, पिनचे अंतर, सिलिंडरच्या पोर्टची जागा यांत जी काही चूक झाली असेल ती सगळी पोर्टांच्या जागेत आपोआप सामावली गेली आहे.

इंजिन सुटे करून चौकटीच्या दोन्ही उभ्या कडांमधून, जाडीच्या मध्यावर आणि पोर्टांच्या उंचीवर, ३ मिमी ड्रिल आडवे घालून त्या त्या बाजूच्या पोर्टला भेटवावे. कडेपासून १८ मिमी खोली पुरते. त्यापुढे गेल्यास दोन्ही वाटा एकमेकांत उघडतील. कडेशी ५ मिमीचे आटे पाडून वाफेची आणि निकासाची नळी जोडावी. या दोन नळ्यांची अदलाबदल केली की इंजिन उलट दिशेने फिरते. चौकटीचा चेहरा काचेवर शेवटचा एकदा घासून, भोकांत अडकलेले कण फुंकून आणि रॉकेलने धुऊन काढावेत. चौकट सागवानी पाटावर खालून ४ मिमीच्या दोन स्क्रूंनी उभी करावी.

स्प्रिंगविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण निम्मी इंजिने इथेच अडतात. २ बार दाबावर वाफ सिलिंडरचे झाकण सुमारे दीड किलो जोराने वर ढकलते. हा जोर भोकाच्या मध्यरेषेवर, म्हणजे पोर्टफेसपासून १० मिमी बाहेर लागतो आणि सिलिंडरला धरणारी पिन मात्र चौकटीत असते. त्यामुळे सिलिंडरचे खालचे टोक चौकटीपासून सुटू पाहते. ते रोखण्यासाठी स्प्रिंगचा ताण एक ते दीड किलो हवा. बॉलपेनची स्प्रिंग इथे कमजोर पडते. उलट स्प्रिंग फार आवळली तर घर्षणातच सारी शक्ती संपते. नट सावकाश सोडत जावा आणि पोर्टफेसमधून वाफ फुसफुसू लागली की पाव फेरा परत आवळावा.

हवेवर चालवणे

वाफेपूर्वी इंजिन हवेवर चालवावे. कॉम्प्रेसर नसल्यास टायरमध्येच ठेवलेल्या सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून तिला नळी आणि छोटा कॉक जोडावा. पोर्टफेस, पिस्टन, बुश यांना तेल द्यावे आणि फ्लायव्हीलला हाताने ढकलावे. एकाच बाजूने वाफ घेणारे इंजिन प्रत्येक जागेवरून आपण होऊन सुरू होत नाही. सुरुवातीला १ बार लागेल, तासभर चालल्यावर पाव बारवरही फिरू लागेल.

एकाच जागी अडकत असेल तर क्रँकपिन वाकडी आहे किंवा बिग एंडचे भोक तंग आहे. फिरते पण जोर नसेल तर सिलिंडरच्या मागे कागदाचा पातळ कपटा सरकवून पाहावा. जिथे तो आत जातो तिथे पोर्टफेस टेकत नाही. पृष्ठभागावर मार्किंग ब्ल्यूचा (खुणेच्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ थर लावून सिलिंडर दोनचार वेळा झुलवला की कोणती उंच जागा घासायची तेही दिसते. हवा दोन्ही पोर्टांतून सतत बाहेर पडत असेल तर पोर्ट मोठी झाली आहेत किंवा त्यांच्या कडेवर खरड राहिली आहे.

बॉयलर

आतापर्यंतच्या चुकांनी धातू वाया जातो. बॉयलरमधील चुकीने माणूस भाजतो. भारतातील बॉयलर कायद्याच्या व्याख्येतून २५ लिटरपेक्षा लहान भांडी वगळलेली आहेत, म्हणून आपला बॉयलर तपासायला कोणी निरीक्षक येणार नाही. ती जबाबदारी पूर्णपणे आपली आहे. प्रेशर कुकरच्या झाकणाला भोक पाडून नळी जोडणे किंवा पत्र्याचा डबा वापरणे, हे दोन्ही मार्ग कोणत्याही परिस्थितीत अवलंबू नयेत.

५० मिमी बाह्य व्यासाची, दीड मिमी जाडीची आणि १२० मिमी लांबीची तांब्याची नळी घ्यावी. दोन्ही तोंडांच्या चकत्या २ मिमी तांब्याच्या असाव्यात व त्यांच्या कडा ४३ मिमी व्यासाच्या ठोकळ्यावर ठोकून वळवाव्यात. तांबे ठोकताना कडक होते, म्हणून कड उचलताना दोनतीनदा ते लाल तापवून पाण्यात विझवावे लागते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालत आले आहे, आणि हातोडीचा घाव कसा घालावा हे कारागिराशेजारी तासभर बसून जेवढे कळते तेवढे वाचून कळत नाही.

२ बार दाबाला प्रत्येक तोंडावर जवळजवळ ३५ किलोचा रेटा येतो. त्यासाठी दोन्ही तोंडांना जोडणारी ५ मिमी गनमेटलची सळई मधोमध घालावी. सेफ्टी व्हॉल्व्ह, वाफेची नळी, प्रेशर गेज आणि पाण्याची पातळी दाखवणारा प्लग यांचे बुशही गनमेटलचे असावेत. पितळातील जस्त गरम पाण्याने हळूहळू निघून जाते आणि उरलेला धातू ठिसूळ होतो. सर्व सांधे कॅडमियमविरहित चांदीच्या डागाने झाळावेत. साधा कथलाचा डाग २०० अंशांच्या आसपास वितळतो आणि पाणी संपलेल्या बॉयलरमध्ये तो टिकत नाही. सांधे लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात स्वच्छ करावेत, योग्य फ्लक्स (तापताना सांधा स्वच्छ ठेवणारा लेप) लावावा, भोवती उष्णतारोधक विटा रचून संपूर्ण भांडे एकसारखे तापवावे आणि डाग धातूच्या उष्णतेने वितळून सांध्यात ओढला जाऊ द्यावा.

तयार बॉयलर प्रथम पाण्याने तपासावा. आत हवेचा बुडबुडाही राहू न देता तो काठोकाठ भरावा आणि हातपंपाने दाब ४ बारपर्यंत, म्हणजे चालवण्याच्या दाबाच्या दुपटीपर्यंत, नेऊन दहा मिनिटे ठेवावा. पाणी दाबले जात नसल्याने सांधा सुटला तरी नुसता थेंब येतो. गेज खाली आले किंवा तोंड फुगले तर बॉयलर विस्तवावर ठेवूच नये. त्यानंतर सेफ्टी व्हॉल्व्हची कसोटी घ्यावी : तो २ बारवर उघडेल असा लावून, वाफेचा कॉक बंद ठेवून, पूर्ण जाळावर बॉयलर ठेवावा. दाब २.२ बारच्या वर चढता कामा नये. चढला तर व्हॉल्व्हचे भोक लहान आहे.

वाफेवर

बॉयलरमध्ये १४० मिलिलिटर गरम, ऊर्ध्वपातित किंवा पावसाचे पाणी भरावे. बोअरवेलच्या पाण्याने क्षार धरतात. जाळासाठी तीन जाड सुती वातींचा स्पिरिटचा दिवा पुरतो. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसत नाही, म्हणून पेटत्या दिव्यात कधीही स्पिरिट ओतू नये आणि एका वेळी वीस मिनिटे पुरेल एवढेच भरावे. पाण्याच्या आधी इंधन संपले पाहिजे.

दाब १ बार झाला की कॉक किंचित उघडावा. थंड सिलिंडरमध्ये वाफेचे लगेच पाणी होते आणि इंजिन खोकल्यासारखे पाणी उडवते. फ्लायव्हील हाताने दहापंधरा वेळा फिरवत राहावे, सिलिंडर हाताला सोसवेनासा झाला की फेरे मोकळे होऊ लागतात. वाफेसाठी खास सिलिंडर ऑइल वापरावे. साधे मशीन ऑइल गरम पाण्यात मिसळून दुधासारखे होते आणि पोर्टफेस कोरडा पडतो.

दिवा विझल्यावर दाब पूर्ण शून्यावर येऊ द्यावा आणि मगच प्लग उघडावा. बॉयलर कोमट असतानाच रिकामा केला की आतला ओलावा उरलेल्या उष्णतेने सुकतो. सिलिंडरच्या बाहेरचा ३ मिमी स्क्रू काढून पाणी निथळू द्यावे, त्याच भोकातून दोन थेंब तेल सोडावे, स्क्रू परत बसवावा आणि तेल पोर्टफेसपर्यंत पोहोचेल इतके फेरे फ्लायव्हीलला देऊन इंजिन झाकून ठेवावे.